काळ्या टेकड्यांचा करार

अमेरिकेच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात राहणाऱ्या सू या मूलनिवासी समूहाशी तेथील सरकारने एकोणिसाव्या शतकात अनेक करार केले. डकोटा व लकोटा या त्यातील प्रमुख शाखा. या करारांपैकी १८५१ आणि १८६८ चे करार विशेष महत्त्वाचे ठरले.

१८५१ मध्ये मिनेसोटातील डकोटांनी दोन करारांद्वारे सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन सरकारला दिली. मोबदल्याचा वार्षिक हप्ता १८६२ मध्ये वेळेवर पोहोचला नाही. उपासमारीने गांजलेल्या डकोटांनी उठाव केला. तो मोडून काढल्यानंतर २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्केटो येथे ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आले.

१८५१ मध्येच फोर्ट लॅरमी येथे झालेल्या करारात प्रत्येक जमातीच्या प्रदेशाच्या सीमा आखण्यात आल्या. पश्चिमेकडे जाणाऱ्या गोऱ्या वसाहतकऱ्यांना वाट देण्याच्या बदल्यात ५० वर्षे वार्षिक मदत देण्याचे ठरले होते. सिनेटने ही मुदत दहा वर्षांवर आणली. पुढे मोंटानातील सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन मार्गावर लष्करी ठाणी उभी राहिली. त्याविरुद्ध लकोटा नेता रेड क्लाउड याने १८६६ ते १८६८ या काळात यशस्वी लढा दिला.

या लढ्याची परिणती १८६८ च्या दुसऱ्या फोर्ट लॅरमी करारात झाली. सरकारने ठाणी सोडली आणि मिसुरी नदीच्या पश्चिमेचा आजच्या दक्षिण डकोटातील प्रदेश, पवित्र ‘ब्लॅक हिल्स’सह, सू लोकांसाठी राखून ठेवला. यातील जमीन घ्यायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांची संमती आवश्यक, असे बाराव्या कलमात नमूद होते.

हेच कलम पुढे धाब्यावर बसविण्यात आले. १८७४ मध्ये कस्टरच्या तुकडीला ब्लॅक हिल्समध्ये सोने आढळले आणि खाणवाल्यांची रीघ लागली. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मारला गेला. त्यानंतर जमीन सोडेपर्यंत शिधा न देण्याचा पवित्रा काँग्रेसने घेतला. जेमतेम एक दशांश पुरुषांच्या सह्या मिळूनही १८७७ च्या कायद्याने टेकड्या ताब्यात घेण्यात आल्या. उरलेल्या राखीव प्रदेशाचेही १८८९ मध्ये सहा तुकडे झाले.

ही जमीन योग्य मोबदल्याविना घेतल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मान्य केले. व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर झाली. पण सू जमातींनी ती नाकारली. भरपाई स्वीकारणे म्हणजे जमिनीवरील हक्क सोडणे, अशी त्यांची भूमिका आहे. सरकारी खात्यात पडून असलेली ही रक्कम शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यांची मागणी मात्र टेकड्या परत मिळाव्यात, हीच आहे.