अर्धा किलो कथील, पाचशे किलो लोखंड

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एखादी फौंड्री परदेशी गिऱ्हाइकाला (किंवा त्या गिऱ्हाइकाच्या पुण्यातल्या पुरवठादाराला) कास्टिंग देत असेल, तर तिच्या ऑफिसात कधी ना कधी एक एक्सेल फाइल येऊन पडते. 'कॉन्फ्लिक्ट मिनरल्स'चं डिक्लरेशन. प्रश्न साधारण असे: तुमच्या मालात कथील, टँटलम, टंगस्टन किंवा सोनं मुद्दाम घातलंय का? असेल तर ते काँगो किंवा तिच्या शेजारच्या देशांतून आलंय का? कुठल्या स्मेल्टरमध्ये वितळलं?

आता बिडाच्या धंद्यात सोनं कुठून येणार! सगळीकडे 'नाही' लिहून फाइल परत पाठवावी असं कुणालाही वाटेल. पण कथलापाशी थोडं थांबायला हवं. आपल्याला कथील आठवतं ते कल्हईवाल्यामुळे. फौंड्रीत मात्र काही ग्रेडच्या बिडात ते जाणूनबुजून घालतात, कारण त्याने धातूची घडण पर्लाइटी होते आणि कास्टिंग कडक होतं. प्रमाण अगदी थोडं, वजनाच्या ०.०५ ते ०.१ टक्का. म्हणजे ५०० किलोच्या इंडक्शन भट्टीत पाव ते अर्धा किलो. तेवढंही चालत नाही. अमेरिकेच्या नियमात 'इतक्या ग्रॅमखाली माफ' अशी सवलतच नाही. गंमत म्हणजे शेजारच्या मशीन शॉपमध्ये टंगस्टन कार्बाइडचे इन्सर्ट रोज झिजतात, त्यांना कुणी विचारत नाही, कारण टूल हे मालात शिल्लक राहत नाही.

हा नियम आला कुठून? २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर, जुलै २०१० मध्ये अमेरिकेने बँकांना वेसण घालायला डॉड-फ्रँक नावाचा भलामोठा कायदा केला. त्यात कलम १५०२ म्हणून काँगोची तरतूद घुसवलेली. पूर्व काँगोतल्या किवू प्रांतांत सशस्त्र टोळ्या खाणींवर आणि रस्त्यांवर वसुली करत, त्या पैशातून बंदुका घेत. तेव्हा अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी आपली ही चार खनिजं कुठली ते सांगावं, असा हा कायदा. नियम २०१२ मध्ये आले, पहिले अहवाल २०१४ मध्ये भरले गेले. मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठादाराला विचारलं, त्याने त्याच्या पुरवठादाराला, आणि प्रश्न उतरत उतरत शिरोलीच्या नाक्यावर पोचला.

सप्लाय चेनचं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे यातली मेख सांगतो. एका टोकाला हजारो खाणी, दुसऱ्या टोकाला लाखो कारखाने, आणि मध्ये मोजकेच स्मेल्टर. नरसाळ्याचा गळा म्हणा ना. धातू एकदा वितळला की तो कुठल्या डोंगरातला हे त्याच्याकडे बघून कळत नाही. म्हणून तपासणी गळ्याच्या तोंडाशीच करायची. यादीतल्या स्मेल्टरांचं ऑडिट होतं, आणि फौंड्रीने फक्त त्याचं नाव लिहायचं. डिझाइन म्हणून चोख आहे.

पण मग त्याच भट्टीतल्या उरलेल्या साडेचारशे-पाचशे किलोंचं काय?

कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा वाढला तो उसामुळे. गुऱ्हाळं, चरक, पंप, पाणी उपसायला ऑइल इंजिनं, आणि या सगळ्याला लागणारं बीड. उद्यमनगरातल्या मेस्त्री लोकांनी इंजिनं उघडून, बघून, स्वतः ओतून बनवायला सुरुवात केली. पुढे ट्रॅक्टर आणि मोटारींचे भाग आले, आणि आज जिल्ह्यात शेकडो फौंड्र्या आहेत. भट्टीत जातं ते स्टीलचं भंगार, आपल्याच ओतकामाचे रनर-रायझर आणि पिग आयर्न. भंगाराची तर मेमरी कधीच फॉरमॅट झालेली असते. पिग आयर्नचं तसं नाही, त्याला गाव असतं. आपल्या भागाला जवळचे कारखाने म्हणजे एक गोव्यात आमोण्याला आणि दुसरा कर्नाटकात कोप्पळजवळ. म्हणजे खडक गोव्याचा किंवा बळ्ळारी-होस्पेटचा.

आता आठवा ती वर्षं. चीनची भूक वाढली, ऑलिंपिकच्या तयारीत २००८ साली चिनी बंदरात लोहखनिज टनाला शंभर डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडे ऑगस्ट २००९ पर्यंत सरकारला मिळणारी रॉयल्टी टनाला जास्तीत जास्त २७ रुपये. (रुपये. पुन्हा वाचा.) मधल्या फरकावर काय काय उभं राहिलं असेल! बांध कोरणं आपल्याला नवीन नाही, पण बळ्ळारीत दोन राज्यांच्या हद्दीच्या खुणाच नाहीशा केल्याचे आरोप झाले. बेलेकेरी बंदरावर २०१० मध्ये जप्त केलेलं लाखो टन खनिज जप्तीतूनच गायब झालं. कर्नाटकचे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी २७ जुलै २०११ ला अहवाल दिला. त्यात सरकारी नुकसानीचा आकडा सोळा हजार कोटींच्या वर होता. चार दिवसांत मुख्यमंत्री येडियुरप्पांनी राजीनामा दिला (२०१६ मध्ये विशेष सीबीआय न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं). अहवालानंतर दोनच दिवसांत सुप्रीम कोर्टाने बळ्ळारीतलं खाणकाम बंद केलं होतं.

पुढचा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो. कोर्टाने देखरेख समिती नेमली आणि साठलेलं खनिज फक्त ई-लिलावाने, देशातल्या प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनाच विकायचं ठरवलं. खाणींचे अ, ब, क वर्ग पाडले, आणि हद्दीबाहेर बेसुमार घुसलेल्या 'क' वर्गाची लीज एप्रिल २०१३ मध्ये रद्द केली. म्हणजे काँगोसाठी जे नरसाळं अमेरिकेने बांधलं, तेच इथे कोर्टाने बांधलं. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाची याचिका नसती तर तेही झालं नसतं.

गोव्याची गोष्ट कागदावर याहून भयंकर आहे. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, त्यानंतरचं खाणकाम बेकायदेशीर. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बंदी येईपर्यंत पाच वर्षं तिथून कोट्यवधी टन खनिज निघालं. ते विकत घेणारा चोर होता असं मी म्हणत नाही, त्याच्याकडे पावती होती, परमिट होतं. पण त्या पाच वर्षांतल्या पिग आयर्नबद्दल कुणी 'हे कुठल्या वैध खाणीतलं?' असं विचारलं असतं, तर प्रामाणिक उत्तर काय होतं? तेव्हा कुणी विचारलंच नाही, आणि आता येते ती एक्सेलही विचारत नाही. तिच्यात लोखंडाला कॉलमच नाही.

नाही म्हणायला एक बाजू आणखी आहे. बंदीचा फटका पहिल्यांदा कुणाला बसतो? काँगोत सप्टेंबर २०१० मध्ये राष्ट्रपतींनी पूर्वेकडचं खाणकामच थांबवलं, ते मार्च २०११ पर्यंत. हाताने खणणारे लोक उपाशी राहिले, आणि नंतरही कित्येक कंपन्यांनी कटकट नको म्हणून तिथला माल घेणंच टाळलं. गोव्यात डिचोली-सांगेच्या गावांत कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. विहिरी आटल्या, शेतात लाल गाळ भरला, म्हणून कोर्टात गेलेले आणि हे ट्रकवाले पुष्कळदा एकाच गावातले. २०१८ मध्ये कोर्टाने नूतनीकरण केलेली ८८ लीजसुद्धा रद्द केली, तेव्हा पुन्हा तेच. टोळ्यांचं म्हणाल तर, २०२४ मध्ये रुबाया या कोल्टनच्या गावावर एम-२३ ने ताबा मिळवला. फॉर्म भरायला लागून तोवर दहा वर्षं झाली होती.

असो. कर्नाटकातलं नरसाळं आता सैल झालंय. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ई-लिलावाची सक्ती उठवली, निर्यातही खुली केली. आणि ऑक्टोबर २०२३ पासून युरोपचा कार्बनचा हिशोब सुरू झालाय, ज्यात बिडाचे पाइप, फिटिंग अशा काही वस्तू येतात. त्या फाइलीत लोखंडाला कॉलम आहे. प्रश्न मात्र धुराचा: टनामागे किती कार्बन डायऑक्साइड? खडक कुणाच्या हद्दीतला, हे तिथेही विचारलेलं नाही.