रूपमतीच्या मृत्यूस उत्तरदायी कोण?

आमच्या देवपूरवरून उत्तरेस जाणारा जुना आग्रा रस्ता शिरपूर, सेंधवा मागे टाकीत नर्मदा ओलांडतो. तेथून मांडवगड फार दूर नाही. गडावर गेलेल्या प्रत्येकास वाटाडे रूपमतीचा सज्जा दाखवितात आणि तिची व सुलतान बाजबहादूराची प्रेमकथा ऐकवितात. या कथेत खलनायक एकच, अकबराचा सेनापती आधमखान. इतिहास मात्र दोषाची वाटणी इतक्या सोप्या रीतीने करीत नाही.

बाजबहादूर १५५५ मध्ये माळव्याच्या गादीवर आला. गोंडवनाच्या राणी दुर्गावतीकडून पराभव पत्करल्यानंतर त्याने राज्यकारभाराकडे पाठ फिरवून संगीतात मन रमविले. १५६१ च्या मार्चमध्ये मोगल सैन्य सारंगपूरवर चालून आले, तेव्हा त्याचा टिकाव लागला नाही आणि तो खानदेशाकडे पळाला. अकबराचा इतिहासकार अबुल फजल येथे एक भयंकर गोष्ट नोंदवितो. आपला पराजय झाल्यास जनानखान्यातील स्त्रियांना ठार करावे, अशी आज्ञा बाजबहादूराने आधीच देऊन ठेविली होती! त्याप्रमाणे तलवारी चालल्या. रूपमती घायाळ झाली, पण जिवंत राहिली. पुढे आधमखानाने तिची मागणी करताच तिने विष घेतले.

आधमखानाचा अपराध उघड आहे. त्याची आई माहम अनगा हिने तर मुलाचे दुष्कृत्य झाकण्यासाठी दोन बंदिवान स्त्रियांचा वध करविला. अठरा वर्षांचा अकबर स्वतः सारंगपुरास धावून आला, तरी त्याने सेनापतीस क्षमा केली. परंतु रूपमतीवर पहिला घाव पडला तो प्रियकराच्या आज्ञेने, हे आपण का विसरतो? जिच्यावर प्रेम केले, तिला त्याने आपल्या अब्रूची ठेव मानले. तिच्या जगण्यामरण्याचा निर्णय तिला न विचारता घेतला.

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या नाटकात रोगाच्या साथीमुळे एक पत्र पोहोचत नाही आणि अनर्थ ओढवतो. आम्हा धर्मगुरूंना त्यातील फ्रायर लॉरेन्स विशेष अस्वस्थ करतो. प्रेमिकांचा गुप्त विवाह लावणारा हा संन्यासी ऐनवेळी भयाने ज्युलिएटला थडग्यात एकटी सोडून निघून जातो. तरीही अखेरीस राजापुढे उभा राहून तो सर्व सांगतो आणि आपला दोष असेल तर शासन भोगण्यास सिद्ध होतो. सारंगपूरच्या शोकांतिकेत असा पापांगीकार आढळत नाही. आधमखान १५६२ मध्ये दुसऱ्याच एका खुनासाठी अकबराच्या हुकमाने गच्चीवरून फेकला गेला. बाजबहादूराने खानदेश व वऱ्हाडच्या साहाय्याने माळवा काही काळ परत मिळविला, पुन्हा गमाविला आणि शेवटी अकबराचीच चाकरी पत्करली.

मग रूपमतीने स्वतः विष घेतले, त्याचे काय? इ.स. ४१० मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा बलात्कार झालेल्या स्त्रियांविषयी असाच प्रश्न उठला होता. संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात उत्तर दिले की, शील मनाच्या संमतीत वसते. दुसऱ्याच्या बळजोरीने ते भ्रष्ट होत नाही, म्हणून जीव देण्याचे कारण नाही. आत्महत्या ख्रिस्तसभेला अमान्यच आहे. तथापि तीव्र भय किंवा यातना यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, असेही आपली धर्मशिकवण सांगते. रूपमतीचा न्याय आम्ही दयाळू परमेश्वराकडे सोपवितो. तिच्यापुढे दुसरी वाट ज्यांनी उरू दिली नाही, त्यांचा विचार मात्र आपणच केला पाहिजे.

कारण ती आज्ञा अजून संपलेली नाही. घराण्याच्या अब्रूसाठी मुलामुलींचे जीव आजही घेतले जातात. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची वा जातीची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये स्पष्टपणे सांगावे लागले. आपल्या ख्रिस्ती घरांतही ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न ‘मुलगी काय म्हणते?’ या प्रश्नाच्या आधी विचारला जातो. अशा वेळी आम्ही धर्मगुरू मध्यस्थी टाळतो, तेव्हा फ्रायर लॉरेन्ससारखेच थडग्यातून पाय काढतो. आधमखानाला दोष देणे सोपे आहे. मांडवगडाहून परतताना आपल्या घरात कोणती आज्ञा आधीच देऊन ठेविलेली आहे, याचा शोध प्रत्येकाने घ्यावा.