बीबीसी मायक्रोची फ्लॉपी कोठे ठेवावी?

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने घडवलेला बीबीसी मायक्रो हा संगणक १९८१च्या डिसेंबरात आला. बीबीसीच्या संगणक-साक्षरता मोहिमेसाठी तो घडवला गेला होता. साहजिकच ब्रिटनमधील शाळाशाळांतून तो पोचला. १९८४ साली आपल्याकडे सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातही हेच यंत्र होते. त्या काळी शाळेत असलेल्या आमच्या काही वाचकांना त्याची तांबड्या कळांची ओळ आठवतही असेल.

मॉडेल बीची स्मृती ३२ किलोबाइट, आणि वीज गेली की ती कोरी. लिहिलेले जपायचे तर 'सेव्ह' ही आज्ञा द्यायची. पडद्यावर 'रेकॉर्ड देन रिटर्न' अशी सूचना उमटे आणि साध्या कॅसेटवर आपली आज्ञावली आवाजाच्या रूपात उतरू लागे. दहा किलोबाइटांना दीड-दोन मिनिटे! ऐपत असली तर फ्लॉपी: एका बाजूवर फार तर २०० किलोबाइट, ३१ फाइली, आणि फाइलीचे नाव सात अक्षरांत बसवायचे.

वाटून घेण्याची सोयही तेव्हा होती, हे आज कोणी सांगत नाही. १९८३ ते १९८९ या काळात बीबीसी आपल्या सीफॅक्स या टेलिटेक्स्ट सेवेतून आज्ञावल्या चक्क प्रक्षेपित करीत असे; जोडयंत्र असलेला संगणक त्या हवेतून उतरवून घेई. शाळांमध्ये एकॉर्नचे इकोनेट जाळे असे. विद्यार्थ्याने आपले नाव व परवलीचा शब्द सांगावा, आपल्या कप्प्यात शिरावे आणि इतरांना एखादी फाइल नुसती वाचू द्यायची की बदलूही द्यायची हे स्वतः ठरवावे. ही सारी व्यवस्था पाहणारा फाइल-सर्व्हर बहुधा त्याच इमारतीत असे.

२०१० नंतरच्या दशकात मॅट गॉडबोल्ट यांनी हे यंत्र न्याहाळकात उभे केले. जेएसबीब हे त्या एम्युलेटरचे नाव. मूळ यंत्राचा प्रोसेसर, पडद्याची चिप, फ्लॉपीचा नियंत्रक या सर्वांचे वागणे तो जावास्क्रिप्टमध्ये हुबेहूब वठवतो. परंतु न्याहाळकातील यंत्राला खण नाही, म्हणून फ्लॉपीच्या जागी तिची प्रतिमा, म्हणजे सगळे सेक्टर ओळीने मांडलेली एकच फाइल, येते. ती न्याहाळकातच ठेवली तर साफसफाईत पुसली जाण्याची भीती. गॉडबोल्ट यांनी म्हणून गूगल ड्राइव्हची जोड दिली. वापरणाऱ्याने परवानगी दिली की फ्लॉपी त्याच्याच खात्यात राहते. यंत्र समजते, आपण फ्लॉपीवर लिहिले. प्रत्यक्षात बदललेली प्रतिमा दूरच्या कोठारात जाते. चालवणाऱ्याने सर्वांची खाती आणि फाइली स्वतः सांभाळण्यापेक्षा हा मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

मात्र अशी फ्लॉपी दोघांनी मिळून वापरायची म्हटले की अडचण उभी राहते. बीबीसीच्या फ्लॉपीवरील फाइलींची यादी पहिल्या दोन सेक्टरांत असते. दोघांनी आपापल्या घरी एकच प्रतिमा उघडून एकेक फाइल जतन केली, तर शेवटी जतन करणाऱ्याची यादी टिकते आणि दुसऱ्याची फाइल नाहीशी होते. क्लाउडला ती प्रतिमा म्हणजे बाइटांचा एक गठ्ठा. आतल्या ३१ नावांची त्याला गंधवार्ता नाही. इकोनेटचा सर्व्हर फाइलींना नावानिशी ओळखत होता, म्हणून तो अशा वेळी मध्यस्थी करू शके. चाळीस वर्षांपूर्वीच्या शाळेत जे होते ते येथे उणे आहे, आणि नुसत्या मोठ्या साठवणीने ते भरून येत नाही.

आज्ञावली लहान असेल तर जेएसबीबमध्ये आणखी एक वाट आहे. बेसिकमध्ये लिहिलेला सगळा मजकूरच दुव्यात घालता येतो. दुवा उघडला की यंत्र सुरू होते आणि आज्ञावली तयार असते. ना खाते, ना परवानगी. असा दुवा कागदावर उतरवून ठेवला तरी चालेल. फ्लॉपीभर मजकूर मात्र त्यात मावायचा नाही.