आनंदकंदाचे कूळ

देशभक्तीच्या कवितेचे सगळे श्रेय आपण भावनेला देऊन मोकळे होतो. शाळेत भावार्थ लिहायचा, 'उत्कट देशप्रेम' हे शब्द कुठेतरी बसवायचे, की झाले. ती कविता जन्मभर तोंडात का राहते, हे मात्र वृत्ताला विचारावे लागते.

गागालगालगागा, गागालगालगागा. सात अक्षरे, बारा मात्रा, मग यती, मग तेवढेच पुन्हा. फारसी छंदशास्त्रात ही 'मफ्ऊलु फाइलातुन'ची दोन आवर्तने. 1904 साली लाहोरमध्ये इक्बालांनी 'तराना-ए-हिंदी', म्हणजे 'सारे जहाँ से अच्छा', या मापात लिहिला, तोही गझलेच्या घाटात. शेराची दुसरी ओळ दर वेळी 'हमारा'वर संपते, हा रदीफ. त्याच्या आधी येतो काफिया: गुलसिताँ, पासबाँ, कारवाँ. आता मोजून पाहा. शेवटच्या सात अक्षरांतली तीन 'हमारा'ने अडवली, चौथे 'आँ'च्या यमकाने. कवीच्या हाती मोकळी उरली तीनच! म्हणून ज्याला शब्द येत नाहीत तोही शेवटाला बिनचूक सामील होतो. काफिया बदलतो म्हणून कान जागे राहतात, रदीफ बदलत नाही म्हणून घोळका गातो.

नागपूरचे कवी आनंदराव टेकाडे यांचे 'हा हिंद देश माझा' मराठीत हाच साचा घेऊन आले. 'हमारा'च्या जागी 'माझा' आला आणि रदीफाचे काम पालुपदाने उचलले. या गीताचा पहिलाच शब्द 'आनंदकंद', आणि मराठी छंदशास्त्रात वृत्ताचे नावही तेच. फारसी-उर्दू वृत्तांना मराठीत हक्काची जागा मिळवून देण्यात 'छंदोरचना' लिहिणाऱ्या माधव जूलियनांचा वाटा मोठा.

पुढे गदिमांनी 'हे राष्ट्र देवतांचे' याच वृत्तात बांधले. तिथे आवर्तन दोन्ही टोकांना आहे: आरंभी 'हे राष्ट्र', शेवटी 'चे'. माझ्या मते कारागिरीत ते टेकाड्यांच्या गीतापेक्षा सरस आहे.

एवढ्यावरून या वृत्ताच्याच अंगात देशप्रेम आहे असे कोणी समजेल, तर तसे नाही. 1910 मध्ये इक्बालांनीच 'तराना-ए-मिल्ली' लिहिला. वृत्त तेच, काफिया तोच, रदीफही 'हमारा'च. पण अभिमान आता हिंदचा नव्हे, जगभरच्या मुस्लिम समाजाचा. साच्याने तक्रार केली नाही. सुरेश भटांची 'केव्हातरी पहाटे' ही विरहाची गझलही आनंदकंदातच आहे.

पडताळा घ्यायचा असेल तर 'सारे जहाँ से'ची रविशंकरांनी 1945 मध्ये बांधलेली चाल घ्या आणि तिच्यावर भटांची गझल म्हणून पाहा. मात्रा एकही कमी-जास्त होणार नाही.