प्रशिक्षकपदाचा वारसा: पंडित यांच्यानंतरचा विदर्भ आणि मध्य प्रदेश

नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर २ मार्च २०२५ रोजी विदर्भ आणि केरळ यांच्यातील रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित संपला. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीमुळे विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक पटकावला. यापूर्वीची दोन्ही विजेतेपदे, २०१७-१८ आणि २०१८-१९ मधील, चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाली होती. तिसऱ्या वेळी संघाची सूत्रे विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी यांच्याकडे होती.

यशस्वी प्रशिक्षक निघून गेल्यावर संघाचे काय होते, हा सांघिक खेळांमधील जुना प्रश्न आहे. विदर्भ आणि मध्य प्रदेश या दोन शेजारी संघांच्या अलीकडच्या इतिहासातून त्याचे उत्तर काही अंशी मिळते.

एका प्रांताचे दोन संघ

नागपूर आणि जबलपूर ही शहरे आज दोन राज्यांत असली, तरी त्यांचा इतिहास बराच काळ एकत्र चालला. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. ब्रिटिश काळात दोन्ही शहरे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होती आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १९५६ मधील राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला. भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाली, तर उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले.

क्रिकेटचीही अशीच विभागणी झाली. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ च्या हंगामात रणजी स्पर्धेत उतरला. मध्य प्रदेशाच्या क्रिकेटचे केंद्र इंदूरला राहिले आणि जबलपूर, भोपाळ, ग्वाल्हेर, रीवा, सागर आदी विभागांतून राज्याच्या संघासाठी खेळाडू निवडले जाऊ लागले. इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. त्या संघाला आकार देणारे सी. के. नायडू मूळचे नागपूरचे होते. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून १९२३ मध्ये ते इंदूरला गेले. जवळपास शतकभरानंतर पंडित हेही विदर्भाचा संघ सोडून मध्य प्रदेशाकडे गेले.

आचरेकरांची परंपरा

पंडित यांचा जन्म १९६१ मध्ये मुंबईत झाला. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून ते भारतातर्फे ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्याकडे त्यांनी क्रिकेटचे धडे घेतले. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, लालचंद राजपूत, अमोल मुझुमदार हेही आचरेकरांचेच शिष्य होत. द्रोणाचार्य पुरस्कार आणि पद्मश्री या सन्मानांचे मानकरी असलेल्या आचरेकरांचे २ जानेवारी २०१९ रोजी निधन झाले.

आचरेकरांचे शिष्य खेळाडू म्हणून गाजले, त्याचप्रमाणे त्यांतील अनेक जण प्रशिक्षक म्हणूनही यशस्वी झाले. २००७ मध्ये पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत राजपूत होते. पुढे त्यांच्या कार्यकाळातच, २०१७ मध्ये, अफगाणिस्तानला कसोटी दर्जा मिळाला. आमरे यांनी मुंबईला रणजी विजेतेपदे मिळवून दिली. पंडित यांनी २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ या हंगामांत मुंबईला करंडक जिंकून दिला. २०१६-१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईला गुजरातकडून पराभव पत्करावा लागला. त्यानंतर पंडित मुंबईपासून वेगळे झाले आणि नागपूरला आले.

नागपूरचा प्रयोग

पंडित येण्यापूर्वीच विदर्भात घडण सुरू झाली होती. पारस म्हांब्रे यांनी संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले होते. सुब्रतो बॅनर्जी वेगवान गोलंदाज घडवीत होते. २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत विदर्भाने बाद फेरी गाठली होती. वसीम जाफर आणि गणेश सतीश हे बाहेरचे अनुभवी फलंदाज संघात स्थिरावले होते.

या संघाला पंडित यांनी कडक शिस्त आणि जिंकण्याची सवय लावली. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकाचा अवघ्या ५ धावांनी पराभव केला. इंदूरच्या होळकर मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात दिल्लीवर ९ गडी राखून मात केली. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक साधली, तर यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. रणजी स्पर्धेत प्रवेश केल्यापासून सुमारे साठ वर्षांनी विदर्भाला पहिला करंडक मिळाला. पुढच्याच हंगामात सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव करून विदर्भाने तो राखला. त्या सामन्यात डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटेने ११ बळी घेतले.

मात्र २०१९-२० मध्ये, म्हणजे पंडित यांच्या नागपुरातील अखेरच्या हंगामात, विदर्भाला बाद फेरी गाठता आली नाही. करोना साथीमुळे २०२०-२१ ची स्पर्धा झालीच नाही. २०२१-२२ आणि २०२२-२३ मध्येही विदर्भाचे आव्हान साखळीतच संपले. दोन विजेतेपदे एका व्यक्तीच्या बळावर मिळाली होती, असा निष्कर्ष त्या वेळी सहज काढता आला असता.

इंदूर: तेवीस वर्षांची प्रतीक्षा

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. हा संघ त्यांना परका नव्हता. खेळाडू म्हणून कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडून खेळले होते. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात त्यांच्याच नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाने बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडी घेतली होती. परंतु अखेरच्या दिवशी संघ कोसळला आणि ९६ धावांनी पराभूत झाला.

२६ जून २०२२ रोजी त्याच मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईचा ६ गडी राखून पराभव करून पहिला रणजी करंडक जिंकला. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांच्या शतकांमुळे मध्य प्रदेशाने पहिल्या डावात ५३६ धावा उभारल्या होत्या. प्रशिक्षक म्हणून पंडित यांचे हे सहावे रणजी विजेतेपद ठरले. पराभूत मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते. दोन्ही संघांचे मार्गदर्शक एकाच गुरूचे शिष्य असल्याने त्या सामन्याची विशेष चर्चा झाली.

जुना गुरू, जुना संघ

२०२३-२४ मध्ये विदर्भाचे प्रशिक्षक म्हणून उस्मान गनी यांनी काम पाहिले. त्यांच्या हाताखाली विदर्भ पुन्हा बाद फेरीत आला. मार्च २०२४ मध्ये नागपुरातील उपांत्य सामन्यात त्याची गाठ पंडित यांच्या मार्गदर्शनाखालील मध्य प्रदेशाशी पडली.

पहिल्या डावात विदर्भ १७० धावांत गारद झाला आणि मध्य प्रदेशाने ८२ धावांची आघाडी घेतली. विदर्भाने दुसऱ्या डावात ४०२ धावा करून सामना फिरवला. त्यात यश राठोडच्या १४१ धावांचा मोठा वाटा होता. विजयासाठी ३२१ धावांचे लक्ष्य असलेला मध्य प्रदेशाचा संघ २५८ धावांत बाद झाला आणि विदर्भाने ६२ धावांनी विजय मिळवला. अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवले.

पुढच्या हंगामात विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी नमवून त्या पराभवाची परतफेड केली आणि नंतर करंडक जिंकला. राठोडने हंगामात ९६० धावा केल्या. डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील बळींचा नवा विक्रम केला. अंतिम सामन्यात तरुण दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने पूर्वी जाफर यांनी केलेली भूमिका सांभाळली. कर्णधारपदी २०१८ च्या अंतिम सामन्यातील शतकवीर वाडकर होता. २०१९ च्या विजयाचा नायक सरवटे मात्र या वेळी केरळतर्फे जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध खेळत होता.

अमेरिकी महाविद्यालयांचा अनुभव

प्रशिक्षकाच्या वारसदाराचा प्रश्न सर्वाधिक चर्चिला जातो तो अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये. तेथे खेळाडू साधारणतः चार वर्षांत शिक्षण संपवून, किंवा त्याआधीच, बाहेर पडतो. प्रशिक्षक मात्र तीस-चाळीस वर्षे एकाच विद्यापीठात राहू शकतो. त्यामुळे संघाची ओळख त्याच्या नावाशी जोडली जाते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने जॉन वुडन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्यानंतर आलेल्या जीन बार्टो यांनी दोन हंगामांत ५२ सामने जिंकले आणि केवळ ९ गमावले. तरीही वुडन यांच्याशी होणाऱ्या सततच्या तुलनेने त्रस्त होऊन १९७७ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यानंतर वुडन यांचे तीन माजी खेळाडूही वेगवेगळ्या काळात प्रशिक्षक झाले. पण पुढचे विजेतेपद १९९५ मध्ये, जिम हॅरिक या सहाव्या वारसदाराच्या काळात मिळाले. केवळ घरचा माणूस नेमल्याने वारसा चालतो असे नाही, हे यावरून दिसते.

ड्यूक विद्यापीठाने वेगळा मार्ग निवडला. १९८० पासून प्रशिक्षक असलेले माइक शशेफ्स्की यांनी जून २०२१ मध्ये निवृत्तीचा निर्णय जाहीर केला. त्याच वेळी, एक संपूर्ण हंगाम हाताशी असताना, जॉन शायर यांचे नाव वारसदार म्हणून निश्चित झाले. शायर हे ड्यूकच्या २०१० च्या विजेत्या संघातील खेळाडू आणि नंतर शशेफ्स्की यांचे सहायक होते. तिसऱ्याच हंगामात, २०२५ मध्ये, त्यांनी संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेले.

वारसा कशात असतो?

भारतीय देशांतर्गत क्रिकेटमध्ये परिस्थिती जवळपास उलट आहे. येथे प्रशिक्षक काही हंगामांच्या करारावर येतो आणि जातो, तर खेळाडू दहा-पंधरा वर्षे एकाच राज्याकडून खेळू शकतो. म्हणून प्रशिक्षकाने लावलेल्या सवयी पुढे नेण्याचे काम बहुधा खेळाडूच करतात. वाडकरने पंडित यांच्या संघात विजय कसा मिळवायचा हे पाहिले आणि गनी यांच्या संघाचे नेतृत्व केले. प्रशिक्षक बदलले तरी वयोगटांतील संघांतून खेळाडू येत राहिले. पाहुणे खेळाडू घेण्याचे धोरणही कायम राहिले.

बाहेरून आलेला यशस्वी प्रशिक्षक संघाला पहिला करंडक मिळवून देऊ शकतो. तो गेल्यावर काही हंगाम अपयशाचे जाणे अस्वाभाविक नाही. त्या काळात संघटना पुन्हा एखाद्या मोठ्या नावामागे धावते की आपली व्यवस्था टिकवून घरच्या प्रशिक्षकाला वेळ देते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. विदर्भाने दुसरा मार्ग पत्करला आणि दुसऱ्या व तिसऱ्या विजेतेपदांत सहा वर्षांचे अंतर पडूनही त्याला त्याचे फळ मिळाले.

मध्य प्रदेशाची ही परीक्षा वेगळ्या स्वरूपाची आहे. २०२२ च्या विजयानंतर या संघाने दोनदा उपांत्य फेरी गाठली, परंतु २०२४-२५ मध्ये तो साखळीतच बाद झाला. दरम्यानच्या काळात पंडित कोलकाता नाइट रायडर्सचेही प्रशिक्षक झाले. २०२४ मध्ये त्यांनी त्या संघासह आयपीएल जिंकली आणि जुलै २०२५ मध्ये ते पद सोडले. पंडित यांनी मध्य प्रदेशात काय उभे केले, याचे खरे मोजमाप त्यांच्याविना खेळणारा संघच करू शकेल.

आचरेकरांची परंपराही पुढे सरकली आहे. २०२२ च्या अंतिम सामन्यात पंडित यांच्या संघाकडून पराभूत झालेले मुझुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला.