एका हंगामाच्या दोन गोष्टी

खेळाचा इतिहास म्हटला की आपल्याला विक्रम आठवतात, विजेते आठवतात. मला मात्र जुन्या गुणतालिका वाचण्याचा नाद आहे. तालिकेत तळाकडच्या संघांचीही नोंद असते आणि कधी कधी अशा एखाद्या साध्या ओळीमागे केवढं तरी काही दडलेलं असतं. आज अशाच एका ओळीविषयी बोलायचं आहे. कॅनडातल्या वेस्टर्न हॉकी लीगचा १९८६-८७चा हंगाम. संघाचं नाव स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज. सामने ७२, विजय २८, पराभव ४०, बरोबरी ४. तालिका एवढंच सांगते.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद येतात, हिरवं मैदान येतं. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरची. पायात धारदार स्केट्स, हातात वाकड्या टोकाची काठी, चेंडूच्या जागी ‘पक’ नावाची कडक रबरी चकती. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा खेळाडू. तिथल्या मुलांना या खेळाचं वेड किती, हे सांगायला आपल्याकडच्या क्रिकेटचीच उपमा द्यावी लागेल. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये पोचण्याची प्रमुख वाट ज्युनिअर लीगमधून जाते. या वरच्या दर्जाच्या ज्युनिअर लीग तीन. ऑन्टारिओची, क्वेबेकची आणि पश्चिमेची. तिन्हींचे विजेते ज्या करंडकासाठी झुंजतात, त्याचं नाव मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तो १९१९पासून दिला जातो.

या लीगमध्ये साधारण सोळा ते वीस वर्षांची मुलं खेळतात. सोळाव्या वर्षी मुलगा घर सोडतो, शेकडो किलोमीटर दूरच्या गावी जातो आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतो. हे यजमान कुटुंब त्याला जेवूखाऊ घालतं, शाळेत धाडतं. बाकी त्याचं सगळं आयुष्य प्रशिक्षकाच्या हाती. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कुणाला दुसऱ्या संघाकडे पाठवायचं, एनएचएलच्या माणसांपुढे कुणाविषयी चांगला शब्द टाकायचा, या सगळ्यात त्याचा शब्द वजनदार. ही व्यवस्था नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते.

स्विफ्ट करंट हे सस्कॅचवान प्रांतातलं गाव. चहूकडे गव्हाची शेतं, सपाट माळ आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. वस्ती त्या काळी जेमतेम पंधरा-सोळा हजार. गावाचा संघ १९७४ साली लेथब्रिज या शहरात गेला होता. १९८६ साली गावानं तो परत आणला. मालक कुणी एक धनिक नव्हे, अख्खं गावच. त्यामुळे तो हंगाम म्हणजे गावाच्या दृष्टीनं घरी परतलेल्या लेकराचं पहिलं वर्ष होतं.

३० डिसेंबर १९८६. संघ बसनं रेजायना शहराकडे सामन्यासाठी निघाला. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, तिकडच्या हिशेबानं जवळचंच. गाव सोडून काही किलोमीटर जातात न जातात तोच रस्त्यावर साचलेल्या बर्फाच्या पातळ थरावरून बस घसरली, रस्ता सोडून उडाली आणि कुशीवर आदळली. मागच्या बाकांवर चार मुलं पत्ते खेळत बसली होती. ती चौघंही गेली. ट्रेंट क्रेसी वीस वर्षांचा, स्कॉट क्रूगर आणि ख्रिस मॅन्टिका एकोणीस वर्षांचे आणि ब्रेंट रफ अवघा सोळा वर्षांचा. क्रूगर तर स्विफ्ट करंटचाच मुलगा. रफचा थोरला भाऊ लिंडी तेव्हा एनएचएलमध्ये खेळत होता.

शोकसभा झाली ती गावातल्या हॉकीच्या सभागृहातच. संघानं हंगाम सोडला नाही. दोन आठवड्यांच्या आत मुलं पुन्हा बर्फावर उतरली. त्यांच्या अंगरख्यावर चार पानांच्या क्लोव्हरचं चिन्ह शिवलेलं होतं. पाश्चात्त्य देशांत हे चार पानांचं क्लोव्हर सापडणं शुभ मानतात. इथे त्याच्या प्रत्येक पानावर गेलेल्या एकेका मुलाचा क्रमांक होता, ८, ९, ११ आणि २२. त्याच संघात जो सॅकिक नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. बसमधून तो सुखरूप बाहेर आला होता. त्या हंगामात त्यानं ६० गोल केले. पुढे एनएचएलचा दिग्गज कर्णधार म्हणून त्यानं दोनदा स्टॅनले कप उचलला. चाळीस सामने हरलेला हा संघ प्लेऑफपर्यंत पोचला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. त्या वर्षी लीग जिंकली मेडिसिन हॅट टायगर्सनं, आणि मेमोरियल कपही त्यांनीच नेला. पण लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकाला नाव मिळालं ते ‘फोर ब्रॉन्कोज’चं. ते आजही त्याच नावानं दिलं जातं.

अडीच वर्षांनी कथेनं कलाटणी घेतली. १९८८-८९च्या हंगामात याच संघानं ७२पैकी ५५ सामने जिंकले. प्लेऑफमध्ये सलग बारा सामने खेळले, बाराही जिंकले. मे १९८९मध्ये सस्कटून शहरात मेमोरियल कपची अंतिम लढत यजमान संघाशीच झाली. निर्धारित वेळेत ३-३ अशी बरोबरी, आणि जादा वेळेत टिम टिस्डेलनं विजयी गोल मारला. त्या संघात स्कॉट क्रूगरचे दोन भाऊ होते, ट्रेव्हर गोलरक्षक आणि डॅरन बचावफळीत. अपघातग्रस्त बसमधली काही मुलंही होती. राखेतून उठलेल्या संघाची ही गोष्ट देशभर गाजली. प्रशिक्षक ग्रॅहॅम जेम्स यांना एका नामांकित हॉकी साप्ताहिकानं वर्षाचा मानकरी ठरवलं.

इथे थांबलो असतो, तर ही जिद्दीची एक सुंदर गोष्ट झाली असती. कितीतरी वर्षं ती तशीच सांगितली जात होती.

पण १९९६ साली शेल्डन केनेडी पोलिसांकडे गेला. तोही त्या बसमध्ये होता, १९८९च्या विजेत्या संघातही होता, आणि आता एनएचएलचा खेळाडू होता. चौदाव्या वर्षापासून पुढे कित्येक वर्षं जेम्सनं आपलं लैंगिक शोषण केलं, असं त्यानं सांगितलं. जानेवारी १९९७मध्ये जेम्सनं न्यायालयात गुन्हा कबूल केला. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे आणखी खेळाडू बोलले आणि २०१२ व २०१५ साली त्याला पुन्हा शिक्षा झाल्या. ज्या माणसाला सगळ्या देशानं डोक्यावर घेतलं होतं, त्याचं खरं रूप हे होतं.

आता पुन्हा १९८६-८७च्या त्या ओळीकडे जाऊ. अपघातानंतर या मुलांना मानसोपचारतज्ज्ञांची, समुपदेशकांची मदत का मिळाली नाही? वाचलेल्या खेळाडूंनी नंतर जाहीरपणे सांगितलं की बाहेरच्या माणसांना प्रशिक्षकानंच दूर ठेवलं. ‘आपण आपलं बघून घेऊ’ ही त्याची भूमिका. त्या वेळी लोकांना तो कणखरपणा वाटला, संघाची एकजूट वाटली. खरं कारण वेगळं असावं, असं त्या खेळाडूंचं मत झालं. एखादा समुपदेशक मुलांशी एकेकटं बोलू लागला असता तर अपघाताबरोबर दुसरंही काही बाहेर आलं असतं, ही त्याची भीती. आपले चार सोबती डोळ्यांदेखत गेलेले, आणि ती मुलं पुन्हा बसमध्ये बसून पुढच्या गावी खेळायला निघाली. त्यांतली काही मनात दुहेरी ओझं घेऊन.

मला या हंगामाचा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. गाव दुष्ट नव्हतं. उलट इतकं जिव्हाळ्याचं गाव शोधून सापडणार नाही. यजमान कुटुंबं प्रेमळ होती, लोक चर्चमध्ये प्रार्थना करत होते, सामन्यांना गर्दी करत होते. तरीही मुलांना बोलायला जागा नव्हती, कारण घरापासून दूर असलेल्या मुलाचं सगळं भविष्य एकाच माणसाच्या मुठीत होतं आणि तो माणूस जिंकून देत होता. जिंकून देणाऱ्याला प्रश्न विचारायची पद्धत कुठेच नसते. त्यातून हॉकीतला मर्द गडी रडत नाही, तक्रार करत नाही, ही शिकवण. केनेडीनं २००६ साली आत्मकथन लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘मी काहीच का बोललो नाही’ असा आहे. त्याआधी १९९८ साली तो चाकांच्या स्केट्सवर अख्खा कॅनडा पार करून गेला होता, शोषित मुलांसाठी निधी जमवत.

६ एप्रिल २०१८ रोजी त्याच सस्कॅचवानमध्ये हम्बोल्ट गावच्या ज्युनिअर संघाची बस आणि मालट्रक यांची टक्कर झाली. सोळा जण गेले, तेरा जखमी झाले. संघाचं नाव योगायोगानं तेच, ब्रॉन्कोज. ट्रक चालवणारा तरुण भारतातून तिकडे गेलेला होता. त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्या दिवसांत केनेडी आणि त्याचे काही जुने सहकारी हम्बोल्टला गेले. भाषणं द्यायला ते गेले नव्हते. तीस वर्षांपूर्वी आपल्यापाशी कुणी बसलं नाही, निदान यांच्यापाशी कुणी तरी बसावं, एवढ्यासाठी गेले.

२०१६ साली स्विफ्ट करंटजवळ, अपघाताच्या जागी, चौघांचं स्मारक उभं राहिलं. तेही क्लोव्हरच्या पानाच्या आकाराचं. चौघांची आठवण गावानं मनापासून जपली आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या हंगामात वाचलेल्या मुलांनी जे सोसलं त्याचं असं स्मारक कुठून होणार? ते त्यांनाच बोलून दाखवावं लागलं, आणि त्याला दहा वर्षं लागली.

आपल्याकडेही मुलं लहान वयात घर सोडून क्रीडा वसतिगृहांत, शिबिरांत राहायला जातात. बहुतेक प्रशिक्षक जीव ओतून शिकवतात, यात शंका नाही. तरी मुलाला सोडून परत निघताना आईवडिलांनी एक गोष्ट जरूर विचारून घ्यावी. सरांबद्दलच काही सांगायचं झालं, तर इथे माझं मूल कुणाकडे जाईल? त्या माणसाचं नाव मुलाला ठाऊक असलं पाहिजे, आणि त्याला संघात ठेवायचं की काढायचं हे त्या माणसाच्या हातात असता कामा नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)