मूल जेवत नाही? चिनी-जपानी उपचार काय आहेत आणि आधी काय तपासावे

शाहपुरा (भोपाळ) : "पोरगं काही खातच नाही हो!" ही तक्रार इथल्या मराठी घरांतही नेहमीचीच. आजी बाळगुटी उगाळते, पोटावर हिंग लावते. आता मोबाईलवर चिनी मालिशचे व्हिडिओही दिसतात. म्हणून ही थोडक्यात माहिती.

कल्पना काय?
चिनी वैद्यकात भूक मंदावण्याची दोन मुख्य कारणे मानतात : पचनशक्ती दुबळी होणे किंवा खाल्लेले पोटात तुंबणे. आपल्याकडच्या मंदाग्नी आणि अजीर्णाच्या जवळचीच ही कल्पना.

उपचार कोणते?
- तुईना मालिश : अंगठ्याची कड चोळणे, पोटावर गोल हात फिरवणे, पाठीच्या कण्यावरची कातडी चिमटीत धरून खालून वर नेणे.
- औषधे : कोंब आणलेले जव, संत्र्यासारख्या फळाची वाळवलेली साल, कोंबडीच्या पेटीचे आतले अस्तर. शाकाहारी घरांनी पुडीत काय आहे ते जरूर विचारावे.
- शोनिशिन : जपानी पद्धत. यात सुई टोचत नाहीत, अवजाराने कातडी हलकेच घासतात.
- बोटे टोचणे : चार बोटांच्या मधल्या सांध्यांवर टोचून द्रव काढतात. जंतुसंसर्गाचा धोका आहे. घरी कधीच करू नये.

गुण येतो का?
चीनमध्ये चाचण्या झाल्या आहेत, पण बऱ्याचशा लहान आणि कच्च्या. हलक्या मालिशने सहसा अपाय होत नाही. बिनलेबलच्या पुड्यांचे तसे नाही. त्यांत शिसे किंवा पारा असू शकतो. हे आपल्या देशी पुड्यांनाही लागू. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये.

आधी हे करा
पहिल्या वर्षानंतर वाढीचा वेग कमी होतो, तशी भूकही कमी होते. वजन नीट वाढत असेल तर घाबरू नका. दूध-बिस्किटांनी पोट भरते का, ते पाहा. जंत आणि रक्त तपासून घ्या. वजन घटत असेल, ताप किंवा जुलाब टिकून असतील तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. अंगणवाडीत तो मोजता येतो.

उपचारकाची नोंदणी
केंद्राने ॲक्युपंक्चरला 2019 मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्राचा 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, पण तो त्या राज्यापुरताच. भोपाळमध्ये उपचारकाची पदवी आणि नोंदणी स्वतः विचारा. मालिश नंतरही करता येईल, आधी वजनकाटा.